बरक्या फणसाच्या दोन झाडांचं करायचं काय? गुहागरकडच्या एका घराची केस

केस अशी आहे. गुहागर तालुक्यात माझ्या मावशीचं घर, मागे आगर (बाग), आगराच्या कडेला फणसाची दोन थोराड झाडं, दोन्ही बरकी, म्हणजे मऊ गऱ्यांची. दादा (मावशीचा मुलगा) आणि वहिनी तिथेच होमस्टे चालवतात, जेवण घरचंच असतं. मे महिन्यात ही झाडं अशी लगडतात की खोडाला हात टेकायला जागा नसते, आणि त्यातले बहुतेक फणस वरच पिकून धप्पकन खाली पडायचे, फुटायचे, मग माश्या, वास, गुरांनी खाल्लं तेवढं खाल्लं, बाकी फावड्याने गोळा करून खड्ड्यात. पाहुणे तोंडावर काही बोलत नाहीत पण मागच्या खोल्यांच्या खिडक्या बंद करून बसतात. त्यात एका लाकूडवाल्याने दोन्ही झाडांना बरा भाव सांगितला. फणसाचं लाकूड पिवळंधमक, टिकाऊ, देव्हाऱ्यांना आणि दारं-खिडक्यांना मागणी असते, त्यामुळे तो अधूनमधून चक्कर मारतच असतो. दादाचं म्हणणं, विकून टाकू आणि तिथे कापाची कलमं लावू. काका नेहमीप्रमाणे गप्प. मावशी म्हणाली, "एक वर्ष थांब रे, मग काय ते कर." तर त्या एका सीझनमध्ये काय केलं, काय जमलं आणि काय साफ फसलं ते लिहितोय, कारण कोकणात अशी बरकी झाडं घराघरात आहेत आणि सगळीकडे हीच चर्चा चालू असते.

दादाचा मुद्दा चुकीचा नव्हता हे आधी सांगतो. कापा फणस म्हणजे कडक, करकरीत गरे, हातात धरून खाता येतात, डब्यात भरून देता येतात, तळून विकता येतात. व्यापारी टेम्पो घेऊन येतो तो कापाच उचलतो. बरका पिकला की आतून लिबलिबीत, गरा बोटातून निसटतो, धाग्यांमुळे चावता येत नाही, गिळायलाच लागतो, आणि एकदा पिकला की दुसऱ्या दिवशी त्याला आंबूस वास यायला लागतो. गाडीत घातला तर मुंबईला पोचेपर्यंत पोत्यातून रस गळतो. मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांना वहिनीने सुरुवातीला हौसेने बरक्याचे गरे दिले होते, अर्ध्या लोकांनी एक गरा खाऊन प्लेट बाजूला सरकवली. म्हणजे ताजं फळ म्हणून याला बाजार शून्य.

पण कापाची कलमं लावायची म्हणजे तरी काय. आठळी (फणसाची बी) लावून झाड केलं तर ते आईबापासारखं येईलच याची खात्री नसते, कापाच्या आठळीतून बरका निघतो आणि ते कळेपर्यंत सात-आठ वर्षं जातात. म्हणून कलमच लागतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण प्रॉलिफिक' ही कापा जात त्यासाठीच लोक नेतात. कलम लवकर धरतं, तरी तीन-चार वर्षं वाट बघायची, आणि या दोन झाडांएवढं पीक यायला अजून बरीच वर्षं. शिवाय ही झाडं गेली की मागच्या खोल्यांवरची सावली गेली, मग एसी आला, एसीचं बिल आलं. हा हिशोब वहिनीने काढला, दादाने नाही.

आता मूळ प्रश्न. फळ भरपूर, फुकट, पण नुसतं कोणी खात नाही. मग शिजवून, वाळवून, आटवून त्यातलं किती स्वयंपाकघरात मुरवता येतं?

पहिली गोष्ट केली ती फेब्रुवारी-मार्चमध्येच, आणि माझ्या मते सगळ्यात शहाणपणाची तीच होती. कुयऱ्या, म्हणजे कोवळे फणस, उतरवल्या. कोकणातली जुनी माणसं कुयरी काढायला कचरतात, एक कुयरी काढली म्हणजे एक फणस गेला असं त्यांच्या डोक्यात असतं. कापाच्या बाबतीत ते ठीक आहे. बरक्याचा फणस मे महिन्यात खड्ड्यातच जाणार असेल तर तो मार्चमध्ये कढईत गेलेला काय वाईट? आणि कोवळेपणी कापा काय नि बरका काय, भाजीत काही फरक कळत नाही, गरे तयारच झालेले नसतात. झुबक्यात पाच-सहा लागलेल्या असतात तिथे दोन ठेवून बाकीच्या काढल्या तर राहिलेले फणस पोसतातही चांगले.

भाजी मावशीच्या पद्धतीची. विळीला आणि हाताला खोबरेल चोपडायचं (नाहीतर चीक दोन दिवस जात नाही), काट्यांची साल जाडसर काढायची, मधला कडक दांडा काढायचा, फोडी ताक घातलेल्या पाण्यात टाकायच्या म्हणजे काळ्या पडत नाहीत. कुकरला मीठ-हळद घालून उकडायच्या, मग वरवंट्याने जरा ठेचायच्या, पार लगदा नाही, धागे सुटे व्हायला पाहिजेत. तेलात मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या, आधी भिजवून शिजवलेले काळे वाटाणे, मग कुयरी, ओलं खोबरं, गुळाचा खडा. वरून पुन्हा लसूण-मिरचीची चरचरीत फोडणी. पाहुण्यांना ही भाजी प्रचंड आवडली, विशेषतः शाकाहारी लोकांना, एकाने तर हे मटण नाही ना असं दोनदा विचारलं. वहिनीने मग कुयरीची बिर्याणीपण चालू केली, मला ती फार काही आवडली नाही, मसाल्याखाली कुयरीचं काही उरत नाही, पण ऑर्डरी येतात.

याने झाडावरचा बोजा बराच कमी झाला. तरी मेमध्ये उरले ते काही कमी नव्हते.

दुसरा टप्पा पोळीचा. फणसपोळी ही बरक्याचीच, कापाच्या गऱ्यांचा असा रस निघतच नाही, मिक्सरला लावून लगदा होतो पण ती चव आणि तो चिवटपणा येत नाही. पिकलेला फणस ओळखायचा कसा तर काटे फाकलेले असतात, टिचकी मारली की भद्द आवाज येतो, आणि वास तर वाडीच्या टोकापर्यंत. फोडला की दोन माणसं बसतात, एक जण गरे काढतो, दुसरा आठळ्या वेगळ्या करून गरे चाळणीवर टाकतो. मावशीकडे तारेची जाड भोकांची जुनी चाळण आहे, खाली परात ठेवून तळहाताने गोल गोल घासत राहायचं, रस खाली पडतो आणि धाग्यांचा चोथा वर राहतो. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही, एक मोठा फणस दोघींची अख्खी सकाळ खातो, मनगटं भरून येतात. रस म्हणजे वजनाच्या मानाने फार नाही निघत, साल, चारखंडं (गऱ्यांभोवतीचे धागे), मधला दांडा आणि आठळ्या यातच निम्म्याहून जास्त जातं.

रसात चवीपुरती साखर, बरका पुरेसा गोड असेल तर किलोला शंभर ग्रॅमसुद्धा खूप होते, चिमूटभर मीठ. तूप लावलेल्या ताटात पातळ थर, कडक उन्हात. वरचा थर सुकला की त्यावर दुसरा, मग उलटून पुन्हा ऊन. चार-पाच दिवस चांगलं ऊन लागतं, आणि इथेच सगळं अडतं. बरका जोरात पिकतो तो मेच्या मध्यापासून पुढे, आणि तेव्हाच वळीव चालू होतात, दुपारी आभाळ येतं, दमट हवा, पोळी वरून सुकते आणि आतून ओली राहते, मग तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी. दादाच्या डोक्यात पोळी पॅक करून विकायची होती, खाद्यपदार्थ विकायला लागतं ते एफएसएसएआयचं बेसिक रजिस्ट्रेशनही काढून ठेवलं होतं. मेच्या सुरुवातीची पोळी मस्त झाली, अंबर रंगाची, उजेडात धरली की पलीकडचं दिसावं अशी. नंतरची अर्धी फेकून दिली. शिवाय धूळ, माश्या, मच्छरदाणीखाली ताटं ठेवली तरी मुंग्या येतातच. सोलर ड्रायर घेतला तर जमेल, गावोगाव बचतगट तसं करतातही, पण दोन झाडांसाठी तेवढा खर्च काढायला दादा तयार नव्हता आणि मला तरी त्याचं पटलं.

रस फ्रीजरला ठेवून बघितला. मेअखेरीस एक वादळी पाऊस झाला, लाईट गेली ती दीड दिवस आलीच नाही, डबे उघडले तर सगळं फसफसलेलं. ज्याला कोकणातली मे-जूनमधली वीज माहीत आहे त्याला यावर वेगळं काही सांगायला नको.

तिसरा टप्पा सांदणांचा, आणि होमस्टेसाठी खरं तर हाच हुकमी एक्का निघाला. सांदण हा पदार्थ पुण्या-मुंबईच्या हॉटेलात सहसा मिळत नाही, घरीही आता कोणी फार करत नाही, आंब्याच्या रसाची सांदणं लोक करतात पण मूळ मजा बरक्याची. तांदूळ धुवून सावलीत वाळवून जाडसर रवा काढायचा, रवा कोरडाच जरासा भाजायचा. दोन वाट्या रवा, दोन वाट्या फणसाचा रस, पाऊण ते एक वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी नारळाचं दूध, मीठ. हे एकत्र करून तास-दीड तास झाकून ठेवायचं, रवा रस पितो आणि फुगतो, मग लागलं तर आणखी नारळाचं दूध घालून इडलीच्या पिठापेक्षा जरा घट्ट ठेवायचं. तूप लावलेल्या वाट्यांत किंवा इडलीपात्रात पंधरा-वीस मिनिटं वाफ. काही लोक सोडा घालतात, मावशी घालत नाही, तिचं म्हणणं सोड्याने सांदण हलकं होतं पण रंग जातो आणि मागाहून एक साबणासारखी चव येते. मी दोन्ही खाऊन बघितली, तिचं बरोबर आहे.

सोबत वेलची घातलेलं नारळाचं गोड दूध, नाहीतर नुसतं घरचं तूप. गरम सांदण मोडलं की आत रव्याचा कण वेगळा दिसला पाहिजे, पीठ झालेलं सांदण म्हणजे फसलेलं सांदण. वहिनीने नाष्ट्याला आंबोळी-पोह्यांबरोबर सांदणं चालू केली, आणि ज्यांनी गरे खायला नाकं मुरडली होती त्याच टाईपच्या लोकांनी रेसिपी लिहून घेतली. फळ तेच, वास तोच, फक्त धागे गेले आणि हातातला चिकटपणा गेला. बरका हा मुळात हातात घेऊन खायचा फणसच नाही, तो शिजवायचा फणस आहे, आणि आपण त्याला कापाच्या मापाने मोजून नापास करतोय असं माझं मत तिथे पक्कं झालं. गोव्यात त्याला रसाळ म्हणतात, आणि कापो आणि रसाळ दोघांचीही कामं तिकडच्या जुन्या स्वयंपाकघरात वेगळी वाटून दिलेली असतात.

पण सांदणं म्हणजे त्या दिवशीचं त्या दिवशी. टिकाऊ काय? याचं उत्तर मावशीकडे नव्हतं, ते आलं वहिनीच्या डोंबिवलीच्या जुन्या शेजारणीकडून, त्या त्रिशूरच्या. केरळात फणसाचा मान वेगळाच, २०१८ मध्ये त्यांनी फणसाला राज्यफळ म्हणून जाहीर केलं. तिकडेही कडक आणि मऊ असा भेद आहे, कडक तो वरिक्का, पण मऊ फणस ते टाकत नाहीत, त्याची चक्क वरट्टि करतात. चक्क म्हणजे फणस, आणि वरट्टि म्हणजे गूळ-तुपात आटवून आटवून केलेला घट्ट गोळा. यात ऊन लागतच नाही, सगळं चुलीवर. केरळात मान्सून आपल्या आधी पोचतो, एक जूनच्या आसपास, त्यामुळे उन्हावर विसंबून त्यांचं भागणारच नव्हतं असा माझा अंदाज. काही असो, आपल्या वळवाच्या प्रश्नावर हा तोडगा फिट बसला.

प्रमाण साधारण किलोभर रसाला चारशे-पाचशे ग्रॅम गूळ आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम तूप, शेवटी वेलची आणि सुंठ. आधी नुसता रस आटवायचा, मग गूळ, मग थोडं थोडं तूप. जाड बुडाची पितळी कढई, लांब दांड्याचं उलथनं, आणि हातावर फडकं गुंडाळून बसायचं, कारण मधल्या टप्प्यात हे मिश्रण ज्वालामुखीसारखं भडाभडा उडतं आणि उडालेला थेंब चिकटून भाजतो. दोन-अडीच तास हात थांबवायचा नाही. झालं हे कसं ओळखायचं, तर रंग पिवळ्याचा गडद तपकिरी होतो, उलथनं फिरवलं की कढईचा तळ दिसतो आणि लगेच झाकला जात नाही, गोळा कडा सोडून एकत्र फिरायला लागतो, आणि कडेला तूप सुटतं. थोडं गार करून बोटांत घेतलं की गोळी वळते पण बोटाला चिकटत नाही. काका जे सीझनभर काही बोलले नव्हते ते इथे स्वतःहून उलथनं घेऊन बसले, म्हणाले, "तुमच्या मनगटांचं काम नाही हे."

कोरड्या काचेच्या बरण्यांत भरलं, ओला चमचा घालायचा नाही एवढी एकच अट. फ्रीजबाहेर श्रावणापर्यंत व्यवस्थित राहिलं. नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्यांत नेहमीच्या गूळ-खोबऱ्यात थोडी वरट्टि मिसळली, हळदीच्या पानाचा वास आणि फणसाचा वास एकमेकांना असे काही लागू पडतात की विचारू नका. गणपतीत नारळाच्या दुधात पातळ करून खीर केली, केरळातलं चक्क प्रथमन याच धर्तीचं असतं. घावनाबरोबर नुसती लावूनही छान लागते. विक्रीतही हेच चाललं, होमस्टेचे पाहुणे छोट्या बरण्या घेऊन गेले आणि काहींनी परत मागवल्या, कुरिअरने फुटत नाही, गळत नाही. पोळी पॅक करायचा दादाचा प्लॅन असा आपोआप मागे पडला.

आठळ्यांचं मात्र फार करायलाच लागलं नाही, ते काम जुन्यांनी आधीच करून ठेवलंय. धुवून सावलीत सुकवायच्या, लाल मातीत घोळवून कोरड्या जागी ठेवायच्या, पावसाळ्यात भाजी मिळत नाही तेव्हा काढायच्या. मिठाच्या पाण्यात उकडून, नाहीतर चुलीच्या निखाऱ्यात भाजून, वरचं पांढरं कवच टच्कन सुटतं. माठाच्या भाजीत, शेवग्याच्या पाल्यात, शेजारच्या घरी सुकटीच्या कालवणात. वहिनीने उकडलेल्या आठळ्यांचं हमस करून बघितलं, लसूण आणि तीळ घालून, मी हसलो होतो पण खरंच चांगलं लागतं, जरा घट्ट होतं एवढंच, उकडलेलं पाणी घालून सैल करावं लागतं. साली, चारखंडं आणि चोथा गुरांना.

काय नाही जमलं तेही लिहितो. तळलेले गरे बरक्याचे होत नाहीत, जून पण न पिकलेला काढून करून बघितले, तेल पितात आणि संध्याकाळपर्यंत मऊ पडतात, त्याला कापाच पाहिजे. जूनमध्ये चांगला पाऊस लागल्यावरचे फणस पाणचट, त्यांची वरट्टि करायला दुप्पट वेळ आणि चव निम्मी, ते सरळ गुरांना घातले. वटपौर्णिमेच्या वाणापुरते गरे लागतात तेही गावात कापाचेच मागतात. आणि कितीही केलं तरी सगळे फणस संपत नाहीतच, साधारण तिसरा हिस्सा तरी वाया गेला असेल, फक्त आता तो खिडकीखाली पडून कुजत नाही कारण रोज सकाळी खाली पडलेले गोळा करायचं ठरलंय.

निकाल असा की झाडं राहिली. दादाने आगराच्या दुसऱ्या कडेला कापाची दोन कलमं वेगळी लावली, ते बरंच झालं, तळलेल्या गऱ्यांची हौस त्यातून भागेल कधीतरी. लाकूडवाला दिवाळीनंतर परत आला होता, वहिनीने त्याला सांदणं नाही पण चहा आणि वरट्टि दिली आणि काका म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू," आणि कोकणात पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय ते लाकूडवाल्यालाही माहीत असतं.

अडचण उरलीय ती वेगळीच. खालचे फणस हाताला येतात, पण वरच्या फांद्यांवरचे दोरीने बांधून सावकाश उतरवावे लागतात, आणि झाडावर चढणारी माणसं गावात आता बोटावर मोजण्याइतकी, त्यांना मेमध्ये आंब्याच्या बागेतून फुरसत नाही. गड्याचा दिवसाचा रोज आणि वरट्टिच्या बरण्यांचे पैसे यांची बेरीज-वजाबाकी वहिनी सध्या करतेय. यंदा तिचा विचार वरच्या फांद्यांवरच्या कुयऱ्या मार्चमध्येच सगळ्या काढून टाकायचा आहे, तेव्हा गडी मिळतो आणि एकाच फेरीत काम होतं, मग मेमध्ये शिडीला पोचतील तेवढेच फणस राहतील.